घट उठेपर्यंत

बाळकुम, ठाणे
मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४

चि. सुशांत यास,

ताईचा आशीर्वाद. रागात असलास तरी घ्यावाच लागतो, आशीर्वाद परत करायची सोय नाही.

इकडे सगळे ठीक. आमच्या इथे तीन टॉवर मिळून गरबा चालू आहे. त्यात एकही मराठी गाणं लावत नाहीत म्हणून तुझे भावोजी रोज सेक्रेटरीशी भांडतात आणि मग रोज नाचून येतात. माझा घसा बसलाय. चौथीच्या वर्गावर दिवसभर ओरडून तो बसतोच, त्यात नवीन काही नाही.

आईचा गुडघा कसा आहे? नऊ दिवस उपास धरायचं तिचं वय राहिलेलं नाही, पण हे तिला कोण सांगणार? निदान साबुदाणा रोज नको, भगर करून घाल म्हणावं तुझ्या मेघनाला. ती सांगत होती की यंदा घटापुढच्या अखंड दिव्याचं तेल तूच बघतोस, पहाटेही उठून बघतोस. ऐकून बरं वाटलं. टेंभी नाक्याच्या चाळीत बाबा रात्री उठवायचे तेव्हा तू उठल्यासारखं करून बसल्या बसल्या झोपायचास आणि वात मलाच सरकवावी लागायची.

गोदाचा ताप उतरला का? काल शाळेत नव्हती, आजही नव्हती. डॉक्टर काय म्हणाले? जेवते का? कुणाशी बोलते का? हे जरा नीट कळव.

पत्र बघून हसशील. पण माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस, आणि केला नसतास तरी मी हे फोनवर लिहिलं नसतं. तुझा फोन मंडपात दहा पोरांच्या हातांतून फिरतो. कागद बरा, त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही. मेघना रिक्षा स्टँडपाशी भेटेल, तिच्या हाती देते.

गौरीजेवणाच्या दिवशी मी जे बोलले ते पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं. गेल्या नाताळच्या नाटकात गोदाला देवदूत का केलं, असं तू विचारलंस, आणि मी म्हटलं की राक्षस करायचा होता का, घरी बघून चांगला वठवला असता. सगळे हसले आणि तू पानावरून उठलास. ते पान तसंच राहिलं. आई तो विषय अजून काढते. माझी जीभ अशीच आहे, तुला लहानपणापासून माहीत आहे. पण तेव्हा तू उठलास तो आजपर्यंत माझ्याशी बोललेला नाहीस, हे जरा जास्त होतं.

असो. आता मुद्द्याचं लिहिते.

तुमच्या पालक-समितीचं निवेदन आज मुख्याध्यापिका सिस्टर लिसींनी स्टाफरूममध्ये आणलं. त्यांना मराठी बेताचंच येतं, म्हणून वाचायला मलाच दिलं, असं म्हण हवं तर. खाली पहिली सही तुझी. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी शेवटपर्यंत वाचलं. ‘शाळेने हिंदू विद्यार्थिनीस चर्चचा प्रसाद खाऊ घातला, तिचे नाव जाहीर करावे, तिच्या पालकांना समोर आणावे, अन्यथा शुक्रवारी शाळेच्या फाटकावर आंदोलन.’ तुमच्या त्या पुढारी संदेश भाऊंनी लिहून दिलेलं असणार, तू ‘अन्यथा’ वगैरे लिहीत नाहीस.

सुशांत, जे झालं ते मी तुला सांगते, कारण ग्रुपवर जे फिरतंय त्यातलं निम्मं खोटं आहे. गेल्या शुक्रवारी शाळेच्या संताचा सण होता. दरवर्षी असतो. त्या दिवशी चॅपेलमध्ये मिस्सा होते, म्हणजे त्यांची पूजाच. सगळी शाळा बसते. एरवी कॅथलिक मुलं धर्माच्या तासाला जातात आणि बाकीच्यांना मी मूल्यशिक्षण शिकवते, म्हणजे खरं बोला, रांगेत उभे राहा, दुसऱ्याचा डबा खाऊ नका. सणाला मात्र सगळे एकत्र. मिस्सेच्या शेवटाकडे फादर एक पातळ पांढरी चकती हातावर देतात. कम्युनियन म्हणतात. ती फक्त त्यांच्यातल्यांना, तीसुद्धा नीट शिकून, दीक्षा घेऊन. बाकीच्या मुलांना वाटलं तर त्यांनी रांगेत जायचं, हात छातीवर आडवे ठेवायचे, फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. जायलाच पाहिजे असं नाही. निम्मी मुलं बाकावर बसून चुळबुळ करतात.

तर एका मुलीच्या हातावर ती चकती पडली. गर्दी होती, चुकून पडली. तिला कुणी खाऊ घातलं नाही. उलट तिने ती खाल्लीच नाही, रुमालात धरून घेऊन गेली. शेजारच्या बाकावरच्या, दुसऱ्या वर्गातल्या मुलीने बघितलं, नाव माहीत नव्हतं तरी घरी सांगितलं, आणि रविवारी त्यांच्या चर्चमध्ये नुसता कल्लोळ झाला. कारण त्यांच्या लेखी तो खाऊ नाही. तो त्यांचा देवच आहे, सगळाच्या सगळा. तो तिथेच, त्याच क्षणी मुखात घालायचा असतो. बाहेर नेणं म्हणजे काय, हे तुला कसं सांगू? कुणी आपल्या घटातली देवी उचलून पिशवीत टाकून नेली तर तू काय करशील, तेवढं धर.

म्हणजे तुमचा ग्रुप म्हणतो आमच्या मुलीला का दिलं, आणि त्यांची माणसं म्हणतात आमचं का नेलं. आणि दोघांनाही नाव पाहिजे. आमच्या स्टाफमधल्या ग्रेटा मिस माझ्याशी सोमवारपासून बोलत नाहीत, कारण मुलगी माझ्या वर्गातली असणार असा त्यांचा अंदाज आहे. फादर मनवेल वसईकडचे, साधे गृहस्थ. ते मात्र कुणाला दोष देत नाहीत. ‘माझ्याच हातून गेलं,’ म्हणतात. रविवारपासून ते एक वेळ जेवतात, असं स्वयंपाकीणबाई सांगत होती.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की शुक्रवारी येऊ नकोस. निवडणूक तोंडावर आहे, संदेश भाऊंना फाटक पाहिजे आणि कॅमेरा पाहिजे. तुला काय पाहिजे? शाळेत लहान मुलं आहेत, चाचणी चालू आहे. ज्या शाळेत गोदाला प्रवेश मिळावा म्हणून तूच सिस्टरांपुढे हात जोडून उभा होतास, तिच्या फाटकावर घोषणा देताना तुला बरं वाटणार नाही. मी तुला ओळखते.

मुलगी कोण, हे मला विचारू नकोस.

गोदाला सांग, आत्याने विचारलंय. दुसरं काही सांगू नकोस, एवढंच सांग.

तुझी,
संचिताताई


बाळकुम
गुरुवार, १० ऑक्टोबर २०२४

सुशांत,

तुझं उत्तर मिळालं. मंडळाच्या पावतीच्या मागे तीन ओळी, पण उत्तर आलं. ‘शाळेची वकिली घरी नको. नाव सांग, नाहीतर उद्या फाटकावर भेटू. आणि गोदाला शाळेत काय केलंत ते पण सांग, पोरगी झोपेत रडते, तुमच्यामुळेच घाबरलीय.’

तिसरी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आज दुपारी शाळेतून परस्पर तुझ्या घरी जाऊन आले. तू मंडपात होतास. तिथून निघाल्यापासून मनात हेच चालू आहे की तुला सांगायचं की नाही. मी आईला शब्द दिला होता. घट उठेपर्यंत सुशांतच्या कानावर घालायचं नाही, नवरात्रात घरात तंटा नको, अशी शपथ तिने मला देवीसमोर घातली आहे. ती मी आता मोडते. देवीचं आणि माझं मी बघून घेईन.

मुलगी गोदा आहे.

जरा थांब. कागद चुरगाळू नकोस आणि कुणाला फोन करू नकोस. सगळं वाच, मग काय करायचं ते कर.

त्या दिवशी माझा वर्ग डाव्या बाजूला होता. गोदाने मला विचारलं, ‘आत्या, मी पण जाऊ आशीर्वादाला?’ शाळेत मिस म्हणायचं हे ती चॅपेलमध्ये विसरते. मी मानेनेच हो म्हटलं. हात छातीवर आडवे ठेवून ती रांगेत गेली, अगदी शिकवल्यासारखी. तिच्या पुढच्या तीन-चार मुली कॅथलिक होत्या. त्या हात पुढे करत होत्या आणि फादर हातावर काहीतरी ठेवत होते. मी बाजूने बघत होते. तिची पाळी आली आणि तिचे कोपर हळूच खाली आले. डावा तळहात खाली, उजवा वर, जरासा खोलगट. हे तिला कुणी शिकवलं? तीर्थ घ्यायला, प्रसाद घ्यायला आपल्या आईने शिकवलं. कुणी देवापुढून काही देतंय आणि आपण हात छातीशी बांधून उभे आहोत, हे त्या पोरीला जमलंच नाही. फादरना काय कळणार? पुढची मुलगी तशी, ही पण तशी. त्यांनी ठेवलं. हे सगळं होईपर्यंत मी जागची हलले नाही, आणि हलले असते तरी पोचले नसते.

मला वाटलं तिने तोंडात टाकलं असेल. विषय तिथेच संपला असता. पण आपल्याकडे देवळातला प्रसाद एकट्याने खात नाहीत, घरी आणून सगळ्यांना देतात, आणि पहिला आजीला. तिने तेच केलं. रुमालात घेतला, दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला, दिवसभर सांभाळला आणि घरी येऊन आजीच्या हातावर ठेवला.

हे मला रविवारी कळलं. चर्चमधली कुजबुज ऐकल्यावर मी तडक तुझ्याकडे आले. तू मंडपात होतास, तुझी माझी गाठ पडली नाही, आणि खरं सांगते, पडू नये असंच मला वाटत होतं. गोदा हॉलमध्ये चित्र रंगवत बसली होती. मी विचारलं, ‘गोदा, शुक्रवारी फादरनी दिलं ते काय केलंस गं?’ तर ती म्हणाली, ‘आजीला दिलं. पण आजीचा उपास आहे ना, तिला चालत नाही, गव्हाचं असतं ते. म्हणून आजीने ठेवलंय दसऱ्याला.’

कुठे ठेवलंय म्हणून विचारलं, तर तिने देवघराकडे बोट केलं.

सुशांत, ते तुझ्या घटाशेजारी आहे. बाबांच्या वेळची ती छोटी चांदीची वाटी आहे ना, तिच्यात. वर झेंडूचं फूल ठेवलंय म्हणून तुला दिसलं नाही. आई म्हणाली, ‘देवाचं काय आपण मागायला नव्हतो गेलो. पोरीच्या हातावर आपसूक आलं. आलेल्याला नाय म्हणू नये.’ मी तिला समजावलं की अगं, हे त्यांचं फार मोठं असतं, परत द्यायला हवं. तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मीच काहीतरी अभद्र बोलले. ‘घट बसलेत गो. आता तिथली काडीसुद्धा हलवायची नाय. दसऱ्याला उठवू तेव्हा बघू.’ आता तिच्यापुढे कोण बोलणार? तू तरी बोलला असतास का?

म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून रोज दोन वेळा तू तिथे आरती करतो आहेस आणि पहाटे उठून तेल घालतो आहेस. हे मी तुला चिडवायला लिहीत नाही. एरवी चिडवलं असतं. हे तुला पुढे लागणार आहे म्हणून लिहिते.

सोमवारी मी फादर मनवेलांकडे गेले. नाव सांगितलं नाही, घर सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की ते सुरक्षित आहे, एका म्हाताऱ्या बाईजवळ आहे आणि तिच्या रीतीप्रमाणे ती ते शनिवारपर्यंत हलवू शकत नाही. मला वाटलं ते रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, ‘बाई, जागा स्वच्छ आहे?’ मी म्हटलं, आमच्या घरातली सगळ्यात स्वच्छ जागा तीच. ‘आमच्या’ असं निघून गेलं बघ तोंडातून. त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मग विचारलं, ‘कुणी चेष्टा करत नाही ना?’ नाही म्हटलं. मग जरा घुटमळून विचारलं, ‘दिवा असतो तिथे?’ मी सांगितलं, नऊ दिवस विझू देत नाहीत, घरातला कर्ता पुरुष स्वतः उठून तेल घालतो.

त्यांच्याकडेही तसंच असतं म्हणे. त्या चकत्या ठेवायची पेटी जिथे असते तिथला दिवा कधी विझू देत नाहीत. मग म्हणाले, ‘शनिवारपर्यंत राहू दे. नंतर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळू द्या आणि ते पाणी कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी मातीत घाला. मी तोवर प्रार्थना करीन.’ हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, ‘मग तुळशीतच की. एवढं सांगायला फादर कशाला पायजे?’

बघ, ज्या दोन माणसांचं यात खरोखर काही होतं, त्यांचं असं मिटलं. ग्रेटा मिसचं मिटलेलं नाही, त्यांच्या मनाला लागलंय आणि ते खरं आहे. ते मला सोसायलाच हवं. उद्या तुम्ही आलात तर फादर स्वतः फाटकाबाहेर येणार आहेत आणि चूक माझी झाली असं म्हणून सगळ्यांसमोर माफी मागणार आहेत. मुलीचं नाव ते विचारत नाहीत आणि विचारू देतही नाहीत. सिस्टर लिसींनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. नाव सांगा नाहीतर जबाबदारी तुमच्यावर, असं म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्यावर घाला. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

आता गोदाच्या तापाचं.

मला वाटत होतं ती तुला घाबरते. मंगळवारचं पत्र मी याच समजुतीत लिहिलं होतं. मनातून तुझ्यावर भयंकर चिडले होते. रविवारी संध्याकाळी तू हॉलमध्ये फोनवर संदेश भाऊंशी बोलत होतास, आठवतं? गोदा देवघराच्या दाराशी होती. तू म्हणालास, ‘त्या पोरीचं नाव मी काढतोच. आणि तिच्या बापाला फाटकावर सगळ्यांसमोर कान धरून उभा करतो. पोरगी कुठे जाते, काय खाते ते ज्याला कळत नाही तो कसला बाप?’ मेघनाने ऐकलं, आईने ऐकलं. दोघी गप्प बसल्या. घरात हे सगळ्यांना माहीत आहे रे, तू सोडून. तुझ्यापुढे कुणी बोलत नाही. याचा तू कधीतरी शांतपणे विचार कर, आज नको.

त्या रात्रीपासून पोरगी तापलीय. तू डॉक्टर केलास, रक्त तपासलंस, उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्यास. मेघना सांगत होती, तू जवळ आलास की ती भिंतीकडे तोंड करते आणि तू आत जाऊन नुसता बसून राहतोस. आणि मग बाहेर जाऊन म्हणतोस, शाळेने माझ्या पोरीला घाबरवलं. घोषणा जोरात व्हायला तुला दुसरं काय लागणार होतं?

आज मी तिच्याजवळ बसले. पेज भरवली, चार चमचे गेली. म्हटलं, ‘गोदे, आपण पप्पांना सांगून टाकूया का? मी सांगते. पप्पा ओरडले तर मी आहे.’

ती उठूनच बसली. अंगात ताप, डोळे लाल. माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, ‘नको आत्या. पप्पांना नको सांगूस. ते मला नाय ओरडणार.’

‘मग काय होईल?’

‘मग ते लोक पप्पांना सगळ्यांसमोर कान धरून उभं करतील ना. पप्पा स्वतःच बोललेले फोनवर. त्या मुलीच्या बापाला उभं करणार. आणि ती मुलगी तर मीच आहे. मी नाव नाय सांगितलं तर पप्पांना कोण काय करणार नाय.’

सुशांत, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि उगाच केसांतून हात फिरवत बसले. ती चार दिवस तोंड मिटून पडली आहे ती तुझ्या भीतीने नाही. तुला वाचवते आहे ती. तू जवळ येतोस तेव्हा भिंतीकडे वळते, कारण तुझं तोंड बघितलं तर आपण सांगून टाकू, असं तिला वाटतं. नऊ वर्षांची पोर आणि हा एवढा भार एकटीने उचलून बसली आहे. मी शिक्षिका आहे, रोज चाळीस पोरं बघते, आणि मला चार दिवस हे कळलं नाही. तुलाही कळलं नाही. आपण दोघं कुठल्या तोंडाने एकमेकांशी भांडतो आहोत?

आता सगळं तुझ्या हातात आहे. नाव, वाटी, सगळं मी तुला दिलं. हवं तर फूल बाजूला करून फोटो काढ आणि ग्रुपवर टाक, उद्या तुम्हाला कुणी थोपवू शकणार नाही. संदेश भाऊ तुला खांद्यावर घेतील. तरी हे लिहिलं, कारण अखंड दिव्याला तेल घालायला पहाटे उठणाऱ्या माणसाला मी अजून माझा भाऊ समजते.

उद्या फाटकावर यायचं असेल तर ये. मी आत उभी असेन. तू विचारलंस तरी नाव सांगणार नाही, आणि तुझ्याकडे बघून ओळखही दाखवणार नाही, म्हणजे तुला सोपं जाईल.

पण त्याआधी एक कर. हा कागद खिशात घाल आणि आत जा. तिला काही विचारू नकोस, समजावू नकोस, रागावला नाहीस हेही सांगू नकोस. ती भिंतीकडे वळली तर वळू दे. तिच्या पाठीशी आडवा हो आणि एवढंच सांग की तिच्या पप्पांना कुणी उभं करणार नाही. हे मी तिला दहा वेळा सांगितलं. तिचा विश्वास बसत नाही. आत्याला काय माहीत, म्हणते, पप्पांनीच सांगितलंय.

तुझ्या उत्तराची वाट न पाहणारी, तुझ्या लेकीची आत्या,
संचिता